शेवटची बांधी, पहिली पाळी

माझ्या आईचं नाव पाण्याच्या यादीत नेहमी सगळ्यात खाली असायचं, म्हणून ती कुठलीही यादी खालून वर वाचते. रेशनची असो, लग्नाच्या आहेराची असो, की माझ्या कॉलेजच्या निकालाची. सातवीपर्यंत शिकलेली बाई. अक्षरांवर बोट ठेवून हळूहळू वाचते, पण सुरुवात शेवटच्या ओळीपासून. लहानपणी मी यावरून तिची खूप टिंगल केली आहे. आता करत नाही, कारण माझ्या हातून झालेल्या ज्या एका कामाचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे, ते काम या सवयीमुळे वाचलं. हे मी फुशारकीनेच सांगणार आहे. कुणाला खुपलं तर खुपू दे.

आमचं गाव साकोलीच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत. गावाला जुना तलाव आहे. त्याच्या तुडुमातून, म्हणजे पाणी सोडायच्या दारातून, एक पाट निघतो, एकतीस जणांची धानाची शेतं, आमच्याकडे बांध्या म्हणतात ती, भिजवत जातो आणि आमच्या बांधीपाशी येऊन संपतो. पाळी वरून खाली. पहिली बांधी काकाजींची. सगळं गाव त्यांना काकाजीच म्हणतं, आणि यादीवर नुसती नावं, पाळ्यांचा सगळा हिशेब त्यांच्या डोक्यात असायचा. कुणाला किती तास, कुणाचं दार कधी बंद करायचं, सगळं तोंडपाठ. माणूस वाईट नव्हता. पण पाण्याची पहिली धार आयुष्यभर ज्याच्या बांधीत पडली, त्याला शेवटची बांधी दिसत नाही. शेवटच्या पाच बांध्या आमच्या मोहल्ल्यातल्या. बाबा शहापूरकडे नोकरीला, त्यामुळे शेती आईच्याच अंगावर. उन्हाळी धान लोंबीवर आलं की आमच्या वाट्याला पाटातला चिखल यायचा.

पाणी समितीच्या कागदावर नियम मात्र स्पष्ट लिहिलेला होता. पाळी शेवटापासून सुरू करावी. दरवर्षी रोवण्याआधीच्या बैठकीत आई उभी राहून हा नियम वाचायला सांगायची, आणि दरवर्षी काकाजी तेच उत्तर द्यायचे.

"नियम चांगला हाय वो बाई. पन उलटा हिसाब कोन करन?"

अगदीच बहाणा होता असंही नाही. पाट कोरडा असताना पाणी थेट शेवटापर्यंत न्यायचं तर तो आधी भरावा लागतो, त्यात कितीतरी तास जातात. मग खालून वर येताना प्रत्येकाची वेळ नव्याने मांडावी लागते. आई खाली बसायची. पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहायची.

त्या वर्षी मी साकोलीला कंप्युटरची सी भाषा शिकत होते. बी.एस्सी. झालेली, नोकरीचा पत्ता नाही, जीभ मात्र तिखट. बैठकीत काकाजींनी तेच वाक्य म्हटलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी करतो हिसाब. कंप्युटरवर."

लोक हसले. काकाजी हसले नाहीत. ते म्हणाले, "कर. पंधरा दिवसानं यादी घेऊन ये. बरोबर निघाली त यंदा खालून सुरू. एकबी चुकी निघाली त हा विषय मंग पुन्हा काढाचा नाई. मंजूर?"

मी आईकडे पाहिलं. ती इतकी वर्षं ज्यासाठी उभी राहत आली होती, ते सगळं मी माझ्या अर्ध्याकच्च्या शिक्षणावर लावून बसले होते. आईने एवढंच म्हटलं, "मंजूर."

माझं शिक्षण किती अर्धंकच्चं होतं ते सांगायला हवं. सी भाषेत आपण लिहिलेलं आधी कंपायलरकडे द्यावं लागतं. तो ते पूर्ण वाचतो, आणि पसंत पडलं तरच चालवायला देतो. माझं त्याला कधीच पसंत पडत नव्हतं. यादीचा प्रोग्राम पहिल्यांदा दिला तेव्हा तेवीस एरर आल्या. जुन्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर सगळ्यात खालची एरर समोर दिसायची, म्हणून मी तिथूनच दुरुस्त करत सुटले. तेवीसच्या एकोणतीस झाल्या. जिथे काही चुकलेलं नव्हतं तिथेही हात लावला आणि चांगलं होतं तेही बिघडवलं. चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी सकाळी सपरीत, घरापुढच्या पडवीत, बसून मी लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की सुपात तांदूळ पाखडणारी आई थांबली.

"का झालं?"

"एकोणतीस चुका दाखवून राहिला. एक काढली त दोन निघतेत."

"कोठून काढून राहिली?"

"खालून."

आईने सूप बाजूला ठेवलं. "आपल्या बांधीत पानी येत नाई तवा मी आपल्या बांधीत खोदत बसतो का? सिधी वर जातो, तुडुमाकडं. तेथून पाहत पाहत खाली येतो. पहिलं फुटलेलं दिसलं का ते बुजवतो अन् थांबतो. खालच्या धा जनाची बोंब तेवढ्यानंच बंद होते. वरून पाहत ये."

मला राग आला. कंपायलर म्हणजे काय हेसुद्धा जिला माहीत नाही, ती मला शिकवत होती. पण दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून वर गेले. पहिली एरर सहाव्या ओळीवर होती. एक अर्धविराम राहिला होता. तो टाकला, बाकी कशालाच हात लावला नाही, आणि पुन्हा कंपायलरला दिलं. एकोणतीसच्या सात उरल्या. त्या सातांतली पहिली एक महिरपी कंस बंद न केल्याची निघाली. तो बंद केला तेव्हा दोन उरल्या, आणि त्या दोन मात्र वरून वाहत आलेल्या नव्हत्या, त्यांच्या स्वतःच्याच चुका होत्या. पुढे साकोलीच्या सरांनीही हेच शिकवलं, नेहमी पहिली एरर आधी बघा म्हणून. मी वर्गात म्हटलं, हे आमच्या आईनं केव्हाच सांगितलं. सर हसले. मला गंमत करायची नव्हती, पण असो.

त्यानंतर काम पळायला लागलं. मी पाटाच्या कडेने चालून प्रत्येक बांधीचं अंतर पावलांनी मोजलं. पाणी कुठून कुठे जायला किती वेळ लागतो, ते आईला विचारून लिहिलं. तिला सगळं ठाऊक होतं, घड्याळाशिवाय. "तेथून इथवर याले भात शिजते तेवढा वेळ," असं सांगायची, आणि मी चुलीवर भात ठेवून मोबाइलवर मिनिटं मोजायची. त्या आठवड्यात आम्ही दोघींनी जेवढा भात खाल्ला तेवढा कधी खाल्ला नसेल.

बैठकीच्या दिवशी सकाळी कंपायलरने शेवटी काहीच म्हटलं नाही. एकही एरर नाही. मी प्रोग्राम चालवला आणि स्क्रीनवर यादी आली. सगळ्यात वर, पहिल्या ओळीवर, आईचं नाव. समोर वार, वेळ, तास. मी अंगणात उडी मारली. शेजारच्या कोंबड्या पळाल्या. ग्रामपंचायतीत जाऊन यादी छापून आणली आणि आईच्या हातात दिली.

मला वाटलं होतं ती पहिली ओळ पाहील. पण सवय ती सवय. बोट खाली गेलं, शेवटच्या ओळीवर. तिथे ते थांबलं, मग एक ओळ वर गेलं, पुन्हा खाली आलं.

"काकाजीचं नाव कोठी हाय?"

"असन शेवटी."

"शेवटी त्याईच्या बाजूवाल्याचं हाय. काकाजी नाई."

मी कागद हिसकावून घेतला. ओळी मोजल्या. तीस. एकतीस हव्या होत्या. पहिल्या ओळीवर आईचं नाव दिसलं आणि मी पुढे काही तपासलंच नव्हतं, ओळीसुद्धा मोजल्या नव्हत्या. चूक कुठे असणार ते तिथल्या तिथे कळलं. सी भाषेत मोजणी शून्यापासून सुरू होते. काकाजींची बांधी शून्य नंबरची, आमची तीस नंबरची. मी तीसपासून उलटं मोजत आणलं होतं, आणि अट लिहिली होती की आकडा शून्यापेक्षा मोठा असेल तोवर चाल. त्यामुळे प्रोग्राम एकवर येऊन थांबला. कंपायलर तरी काय करणार? लिहिण्यातली चूक तो दाखवतो. आपण कुणाला वगळलं ते त्याला कळत नाही.

आणि खरं सांगते, मला हसू आलं. पोटातून आलं. ज्यांना सगळ्यात आधी पाणी मिळत आलं, नेमके तेच सुटले होते, आणि तेही मी ठरवून नव्हे.

"राहू दे न माय," मी म्हटलं. "एक साल त्याईलेबी समजू दे."

आई माझ्यावर फारशी चिडत नाही. त्या दिवशी चिडली. "मी इतके साल कायले भांडून राहिली? दुसऱ्याची पाळी खाऊन आपली काढाले? नाव सुटलं त कसं वाटते, हे मले ठाऊक हाय, तुले नाई. आत्ताच्या आत्ता दुरुस्त कर, नाई त मी हा कागद फाडतो."

मला लाज वाटली. ती लाज आजही आठवते, आणि तिच्यासोबत अभिमानही आठवतो, अशा बाईच्या पोटी आपण जन्मलो याचा. मी लॅपटॉप उघडला. दुरुस्ती एका चिन्हाची होती. शून्यापेक्षा मोठा याच्या जागी शून्याइतका किंवा मोठा. कंपायलरला दिलं, चालवलं, आणि या वेळी ओळी मोजल्या. खालून वर. एकतीस. मग तासांची बेरीज काढली, मग पुन्हा एकदा ओळी मोजल्या, आणि धावत ग्रामपंचायतीत गेले.

बैठक दुपारी चारला भरली. मी यादी काकाजींच्या हातात दिली. आई नेहमीसारखी मागे न बसता पुढे येऊन उभी होती. काकाजींनी चष्मा लावला आणि वरून मोठ्याने वाचायला सुरुवात केली, कारण त्यांचं नाव आयुष्यभर वरच होतं. पहिल्या ओळीवर आमच्या आईचं नाव. दुसरी ओळ, तिसरी, चौथी. पाचव्या ओळीनंतर त्यांचा आवाज बंद झाला आणि नुसते डोळे फिरायला लागले. अर्ध्या पानावर आले तेव्हा त्यांनी कागद डोळ्यांच्या आणखी जवळ धरला. आपलं नाव कागदावर आहे की नाही, अशी भीती त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच पाहत होते. आईसाठी ती दरवर्षीची होती.

मी तोंड उघडणार तेवढ्यात आई बोलली. आवाजात टोमणा नव्हता. वाट चुकलेल्या माणसाला रस्ता सांगावा, तशी बोलली.

"खालून वाचा, काकाजी. मी आजवर तसंच वाचत आली."

काकाजींनी तिच्याकडे पाहिलं. मग बोट शेवटच्या ओळीवर नेलं. नाव होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि यादीवर सही करायला माझ्याकडे पेन मागितला.