समुद्राचं निंदण

माझ्या सासूबाईंनी, म्हणजे गोदाबाईंनी, आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. तरी आमच्या घरातला समुद्र त्यांनीच वाचवला. हे मी लिहून ठेवते आहे, कारण माझा नवरा ते कधी कबूल करणार नाही.

नवऱ्याचं नाव किशोर. अमरावतीत बँकेत अधिकारी आहे. गेल्या दिवाळीत त्याने हॉलमध्ये दोनशे लिटरची काचेची टाकी बसवली आणि तिच्यात समुद्र केला: खडक, वाळू, जिवंत प्रवाळ, दोन नारिंगी मासे. मी अकोल्याची. आमच्या खारपाणपट्ट्यात जमिनीतून फुकट खारट पाणी निघतं आणि लोक गोड पाण्याच्या टँकरची वाट बघत बसतात. इथे माझा नवरा फिल्टरच्या गोड पाण्यात बादलीने विकतचं मीठ कालवत होता. माझा भाऊ श्रावण म्हणालाही, "भाऊजी, मीठ कायले इकत घेता? माह्या बोअरच्या दोन कॅना आणून देतो ना."

गोदाबाई बावीस वर्षं नांदगाव खंडेश्वरला निंदणाच्या, म्हणजे पिकातलं तण काढणाऱ्या, बायांच्या मुकादम होत्या. कोणाच्या वावरात किती बाया लागतील, कोणाला कुठली पात, म्हणजे निंदायचा पट्टा, द्यायची, कोणत्या दोघींना शेजारी बसवलं तर नुसत्या गप्पाच होतील, हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. त्या मुकादमीवर किशोर शिकला, बँकेत लागला, आणि लागल्याबरोबर त्याला त्या मुकादमीची लाज वाटायला लागली. आठ वर्षांपूर्वी, आमची लेक आकांक्षा लहान होती तेव्हा, तिच्यासाठी त्याने आईला अमरावतीला आणलं. गेल्या वर्षी आकांक्षा पुण्याला शिकायला गेली आणि गोदाबाईंना घरात काही कामच उरलं नाही. दर पंधरा दिवसांनी त्या म्हणायच्या, "मले गावले सोडून दे. माह्या बाया हायेत तिथं." आणि किशोर म्हणायचा, "माय, आता या वयात वावरात गेली तं लोकं काय म्हनतीन?" ही लोकं कोण, ते आम्हाला कधी कळलं नाही.

उन्हाळ्यात समुद्राला शेवाळ धरलं. आधी तपकिरी, मग हिरवंगार, केसांसारखं लांब. प्रवाळ दिसेनासं झालं. किशोरने गोवर्धनच्या शोभेच्या माशांच्या दुकानातून सफाईची अख्खी फौज आणली. इंटरनेटवर हिशेब होता म्हणे, इतक्या लिटरला इतक्या गोगलगाई. त्याप्रमाणे चार जातींच्या मिळून पन्नास गोगलगाई आल्या, आणि रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारे वीस खेकडे. दोन आठवड्यांनी शेवाळ होतं तसंच होतं, आणि गोगलगाई मात्र तीसच उरल्या होत्या.

गोदाबाई हे सगळं लांबून बघत होत्या. एका सकाळी त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची टाकीसमोर ओढली, चहा घेतला आणि बसल्या. सलग दोन दिवस बसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी लेकाला बोलावलं.

"बाया तू न पाह्यताच आणल्या," त्या म्हणाल्या.

"माय, त्या बाया नाई, गोगलगाई हायेत."

"थेच थे. ह्या वाळूतल्या पाह्य. दिवसभर झोपून राह्यतात, दाणे पडले का बराबर वर. त्याईले शेवाळाशी काई घेनं-देनं नाई. हा खेकडा शेजारणीले मारून तिच्याच घरात राहाले गेला. असा माणूस म्या एक दिवस ठेवला नसता. हे मोठी दांडगी हाये, खाते बी लय, पण जाता जाता उभं पीक पाडते. आन् हे पाह्य, भवऱ्यावानी. गुपचूप काच साफ करते, खाली पडली तं आपली आपण सुलटी होते. असी पायजे."

"मंग अशाच पन्नास आणू?"

"कायले? दहा पुरे. पण एवढं वाढलेलं तण कोणतीच खात नाई, थे हातानंच उपटा लागते. आन् तू सकाळ-संध्याकाळ मुठीनं दाणे टाकतं, थे पह्यले बंद कर. तण तूच वाढवून राहिला."

किशोर हसला. मग खोलीत जाऊन तीन तास मोबाइल बघत बसला. एका गोऱ्या माणसाने व्हिडिओत नेमकं हेच सांगितलं, तेव्हा त्याला पटलं.

गोदाबाईंनी मात्र अट घातली. "समुद्र साफ झाला का मले गावले सोडाचं." किशोर "हो हो" म्हणाला. त्याचे असे "हो हो" मी वीस वर्षं ऐकते आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बांगड्या काढून ठेवल्या, पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात समुद्रात घातला. एकेक खडक बाहेर काढून, परातीत खारं पाणी घेऊन, त्यांनी मुळापासून शेवाळ उपटलं. खेकडे, दांडग्या आणि बऱ्याचशा झोपाळू गोगलगाई गोवर्धनला परत गेल्या. भोवऱ्यासारख्या दहा तेवढ्या कामावर राहिल्या. माशांना एक वेळ चिमूटभर दाणे. महिन्याभरात काच लख्ख झाली, खडक जांभळे दिसायला लागले. आठ वर्षांत मी गोदाबाईंना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. त्या महिन्यात ऐकलं.

मग किशोरने बँकेच्या साहेबांना समुद्र दाखवायला बोलावलं. "योग्य जातींची निवड शास्त्रीय पद्धतीने करावी लागते सर," तो घरात कधी न वापरलेल्या मराठीत म्हणाला. तेवढ्यात गोदाबाई पिशवी घेऊन बाहेर आल्या.

"सायब, यानं मले गावले सोडतो म्हून कबूल केलं हाये. तुमी साक्षी राहा."

"अरे वा! गावी काय करता आई?"

"मी निंदाच्या बायांची मुकादम हावो."

किशोरला ठसका लागला. पण साहेबांना फार कौतुक वाटलं, त्यामुळे किशोरलाही ताबडतोब कौतुक वाटलं. पुढच्याच रविवारी आम्ही गाडीने नांदगावला निघालो. वाटेत गोदाबाई दोन्ही बाजूंची वावरं बघत होत्या.

रस्त्याला लागूनच सोयाबीनमध्ये बाया ओळीने बसल्या होत्या. गाडी पाहून सगळ्या उठून आल्या. "जयभीम माय, जयभीम." कोणी पाया पडलं, कोणी थर्मासमधला चहा दिला. मैना सगळ्यात शेवटी आली. तिला खुरपं धरायला गोदाबाईंनीच शिकवलं होतं. आता मुकादम तीच होती.

"बसा ना माय धुऱ्यावर," मैना बांधाकडे हात करून म्हणाली.

"बसाले नाई आली मी. पात दे."

मैनाने त्यांच्या गुडघ्यांकडे बघितलं, मग बायांच्या ओळीकडे. सगळ्या पाती वाटून झाल्या होत्या. ती त्यांना धुऱ्याकडच्या कोपऱ्यात घेऊन गेली. "हे तुमची पात, माय."

गोदाबाई बसल्या. किशोरने फोटो काढला आणि बँकेच्या ग्रुपवर टाकला: "आई, आपल्या मातीत." पटापट अंगठे आले.

तो कोपरा कालच निंदून झाला होता. उपटलेलं तण धुऱ्यावर सुकून पडलेलं मला दिसत होतं. मला दिसलं, तर गोदाबाईंना रस्त्यावरूनच दिसलं असणार. मला रडू आलं, आणि मैनावर रागावताही येईना, कारण तिने वाईट काहीच केलं नव्हतं.

"माय, जरा दमानं घ्या," मैना सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "तुमच्या बराबरीनं आमाले येता येत नाई."

बाया हसल्या. गोदाबाईंनी मान वर केली नाही. खुरपं मातीतून पुढे नेत त्यांनी मूठ भरल्यासारखी आवळली, धुऱ्याकडे वळल्या, आणि तण टाकावं तशी ती रिकामी मूठ उघडली.