खंडेनवमीला चिंचवडच्या कारखान्यात ताईचा सत्कार

"कंपनीला चित्रांच्या पुस्तकाचं एवढं प्रेम कधीपासून?" ताईचं पत्र वाचून माझ्या तोंडून पहिलं हेच निघालं.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. माझ्या थोरल्या बहिणीने लिहिलेल्या-रंगवलेल्या 'डबा चालला कंपनीत' या पुस्तकाला राज्यातला बालवाङ्मयाचा मोठा पुरस्कार मिळाला होता. आनंद मलाही झालाच होता, अख्ख्या गल्लीत पेढे वाटले मी! पण सत्कार करणार कोण, तर दाजींची कंपनी. पत्रा दाबायच्या प्रेसखाली दाजींची दोन बोटं गेली तेव्हा 'तुमचंच लक्ष नव्हतं' म्हणून हीच कंपनी हात झटकून मोकळी झाली होती. म्हटलं, पाणी कुठंतरी मुरतंय. जाऊन बघायलाच हवं.

साताऱ्याहून पहाटेची एसटी धरली. खंबाटकीला आता बोगदा झालाय, तेव्हा घाट उतरावा लागायचा. खिडकी मात्र सोडू नका. शिरवळला चहा-वडा उरकून घ्या. स्वारगेटला उतरून शहर बसने दापोडी. तिकिटं तेव्हाची विचारू नका, आज तेवढ्यात चहासुद्धा येणार नाही. आता मेट्रो थेट दापोडीला उतरवते, पण रुळांकडच्या ताईच्या गल्लीत शिरायला पायच लागतात.

ताईच्या दोन खोल्यांत पुस्तक पुन्हा चाळलं. घरून निघालेला डबा सायकलवरून, बसमधून गेटपर्यंत जातो. शेवटच्या पानावर बाबा तो उघडतात, आणि त्या हाताला तीनच बोटं.

"दाजी काही बोलले का गं यावर?"

"काही नाही. पुस्तक मिटलं आणि बाहेर गेले," ताई म्हणाली.

दाजी तो हात कायम खिशात ठेवायचे. अगदी लग्नकार्यातल्या फोटोतसुद्धा.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हा योग जमला तर चुकवू नका! एरवी कारखान्यात बाहेरचं चिटपाखरूही शिरत नाही, पण त्या दिवशी गेट घरच्यांसाठी उघडतं. यंत्रं बंद, धुऊन पुसून झेंडूच्या माळा घातलेली. पोरं तोंडं उघडी टाकून फिरत होती. चपला मात्र जाड तळाच्या घाला, लोखंडाचा कीस टोचतो. दाजींच्या प्रेसपुढे पाट मांडला होता. त्यावर नट आवळायचे पाने, हातोडे, आणि मधोमध ताईचा कुंचला. पर्सोनेल ऑफिसरसाहेबांनी स्वतः त्याला कुंकू लावलं.

शाल, नारळ, भाषण. "वहिनींनी कंपनीचं नाव उज्ज्वल केलं!" मी दाजींच्या कानाशी पुटपुटले, "दाजी, हे इतकं गोड का बोलतायत?"

"गप ऱ्हा की," दाजी म्हणाले.

मग त्याच साहेबांनी आम्हाला केबिनमध्ये नेलं. चहा, पेढे, फरसाण. दार लागलं आणि मी कान टवकारले.

"सगळ्या कामगारांच्या मुलांसाठी पुस्तक घेऊ म्हणतो," साहेब हसत म्हणाले. "फक्त शेवटचं चित्र जरा... पुढच्या आवृत्तीत हात पाच बोटांचा काढा. मुलं घाबरतात हो. तुमच्या विठ्ठलरावांचंही बघू मग, प्रेसवरून हलवू."

घ्या! आलं बाहेर! टेबलावर कोरा कागद आणि रंगसुद्धा तयार होते. ताईने हातातला पेढा बशीत परत ठेवला. नाही म्हणावं, तर नवरा जन्मभर त्या प्रेसवर. हो म्हणावं, तर स्वतःच्या हाताने त्याचं दुखणं पुसून टाकायचं.

"साहेब, कुंचला पुजेत हाय," दाजी म्हणाले. "तुमीच कुंकू लावलं. आज हत्यार उचलायचं न्हाई."

साहेबांनी रंग बाजूला सारले. रीत त्यांनीच पाळली होती. "बरं, दसऱ्यानंतर कळवा," एवढंच म्हणाले.

परत येताना बसमध्ये दाजी आम्हाला सोडून पुढच्या सीटवर जाऊन बसले. आता मला त्यांचाच संशय यायला लागला. एका दिवसाची सवड मागून घेतली, म्हणजे ताईला तयार करायचा बेत असेल. आणि त्यांना दोष तरी कसा देणार? रोज त्या यंत्रापुढे त्यांनाच उभं राहावं लागायचं.

घरी ताईने चहा ठेवला आणि सरळच विचारलं, "अहो, हात तुमचा आहे. पुरी बोटं काढू का?"

दाजींनी कप खाली ठेवला. "पुरी काढलीस तर दुसऱ्याच कुनाचा बाप डबा खातोय असं वाटंल," ते म्हणाले. मला रडू फुटलं, आणि त्यांच्यावर संशय घेतल्याचा रागही आला स्वतःचा.

दसऱ्याची पोळी खाऊन मी साताऱ्याला परतले. कंपनीने एकही प्रत घेतली नाही. दाजी निवृत्तीपर्यंत त्याच प्रेसवर होते. गोड बोलणाऱ्यांवर माझा भरवसा तेव्हाही नव्हता, आता तर मुळीच नाही.

पुढची आवृत्ती पोस्टाने आली तेव्हा मी आधी शेवटचं पान उघडलं. चित्र बदललेलं होतं! पुस्तक उजेडात नेलं. मग नीट पाहिलं. बोटं तीनच होती, पण आता तळव्यावरचा व्रणही दिसत होता, टाक्यांसकट. पहिलं चित्र ताईने अंदाजानेच काढलं होतं. या वेळी दाजी हात उघडा ठेवून तिच्यासमोर बसले होते.