मामांचे तीन मैल

माझे सासरे, आमचे मामा, मैलकुली होते. म्हणजे रस्त्याची निगा राखणारे सरकारी मजूर. हरसूलहून पेठला जाणाऱ्या राज्य मार्गाचे घाटातले तीन मैल त्यांच्याकडे असायचे. निवृत्त झाले तरी सकाळचा चहा घेतला की फावडं खांद्यावर टाकून निघायचेच. रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या मोरीतला पाला काढ, मैलाच्या दगडावरचं गवत उपट. मी दिंडोरीकडची, सपाट रस्त्यांची. मला याचा भारी राग यायचा. एकदा नवऱ्याला मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "रस्ता काय यांच्या सातबाऱ्यावर लागलाय?" मामांनी ऐकलं. तसेच फावडं घेऊन गेले.

जेवताना मात्र रस्त्याचं पुराण सुरू. त्यांच्या आज्याच्या वेळी म्हणे नुसती गाडवाट होती, सागाचे ओंडके ओढत बैल जायचे. मग दुष्काळी कामावर मुरूम पडला, तो त्यांच्या आईनं डोक्यावरून वाहिला. पुढं खडी, पुढं डांबर आणि शेवटी राज्य मार्गाची पाटी. मी आपली भाकरी थापायची. ऐकतंय कोण!

श्रावणात मला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. सकाळचे आठ वाजले असतील. शेजारची जीप आली, नवरा आणि मामा सोबत बसले, पेठच्या दवाखान्याकडं निघालो. घाटात शिरलो आणि धुकं असं उतरलं की जीपच्या पुढं दोन-चार हातांपलीकडं दिसेना. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. "नाय जमणार. एका अंगाला दरी हाय."

"मग काय इथंच बाळंत होऊ?" मी ओरडले. मोबाईलला रेंज नाही, नवऱ्याचं तोंड पांढरंफटक. बाळ हातचं गेलं, असंच वाटलं मला.

मामा खाली उतरले. चपला काढून सीटखाली सारल्या, ड्रायव्हरचं लाल फडकं पाठीवर बांधलं. "माझ्या मागं ये. मी थांबलो का थांब."

आणि अनवाणी चालायला लागले. वळण आलं की रस्ता कुठं कलतो ते पायांना कळायचं, मोरी आली की खालचं पाणी ऐकायचे. मधूनमधून हाक यायची, "डावं वळण! मोरी! आता उतार!" एकदा हात वर करून थांबले, वाकून चाचपलं. दरीकडची कड पावसानं खचली होती. मग जीप डोंगराच्या अंगानं घासत पुढं काढायला लावली. बाई गं! कळा सोसत मी त्या लाल फडक्याकडं नुसती बघत राहिले. मला त्या फडक्यापलीकडं काही दिसत नव्हतं आणि या माणसाला सगळा रस्ता दिसत होता.

धुकं विरलं तेव्हा मामांचे तीन मैल संपले होते. दुपारी पेठच्या दवाखान्यात मुलगी झाली.

तिसऱ्या दिवशी आम्ही परतलो. ऊन पडलं होतं. आमच्या आधीच घरी परतलेले मामा खचलेल्या कडेशी दगडांना चुना लावत होते, गाड्यांना लांबून दिसावेत म्हणून. मी जीप थांबवायला लावली, लेकीला घेऊन उतरले आणि तिला पुढं केलं. मामांनी हात मागं घेतले. "घरी घेईन गं, हात चुन्याचे हायेत."

"हात नकोत, मामा." मी तिथंच रस्त्यावर बसले, दुपट्यातून लेकीचे पाय काढले आणि तळवे डांबरावर टेकवले. "हिला सांगा हा रस्ता."

मामा उकिडवे बसले. चुन्याचं बोट रस्त्याकडं करून म्हणाले, "हे बघ बाय, हितं तुझ्या पणजीनं मुरूम टाकला..."

या वेळी मी ऐकत होते.