विशाखाचा ‘परवा’

सलीमचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात मीटिंगला बसले होते आणि फोन उचलायचाच नाही असं ठरवून बसले होते. पुन्हा पुन्हा वाजायला लागला तेव्हा उठून बाहेर गेले. "दीदी, आपा गए," तो म्हणाला. मी वेड्यासारखं विचारलं, "कधी?" तो म्हणाला, "अब्बीच..."  विशाखा बरेच महिने आजारी होती, डॉक्टरांनी कल्पना दिलेली होती. पण कल्पना दिली म्हणून मन तयार होतं असं थोडंच आहे!

दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी आल्या : ‘डोपिंग प्रकरणात बंदी आलेल्या फिजिओथेरपिस्टचं निधन’. वाचून माझं डोकंच फिरलं. बंदी आली होती, हे खरं आहे. ती का आली आणि कुणी ओढवून घेतली, हे सांगायला त्यांना जागा पुरली नसावी. मला इथे जागा मिळाली आहे, तेव्हा सांगते. हैदराबादच्या अंबरपेठेत तिच्या पुण्यानुमोदनाला हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. भन्तेजी त्रिसरण-पंचशील म्हणत होते आणि मागच्या भिंतीपर्यंत ट्रॅकसूट घातलेली पोरं-पोरी हात जोडून उभी होती. त्यातल्या निम्म्यांना पालीचा एक शब्द कळत नसेल, मराठीही कळत नसेल. त्यांना विशाखा कळली होती.

आमची ओळख माझ्या खांद्यामुळे झाली. मी आणि माझा नवरा पुण्याचे, दोघांच्याही नोकऱ्या कॉम्प्युटरवरच्या, म्हणून हैदराबादला आलो आणि विद्यानगरला बिऱ्हाड थाटलं. वर्षभरातच माझा उजवा खांदा असा आखडला की वेणी घालता येईना. जवळच्या हॉस्पिटलात गेले तर फिजिओथेरपीच्या खोलीत एक ठेंगणी, दणकट बाई एका आजोबांचा गुडघा वाकवत होती. आजोबांशी तेलुगूत बोलत होती, पलीकडच्या खाटेवरच्या खालांना "हल्लू, हल्लू" म्हणत होती, आणि मधेच स्वतःशी पुटपुटली, "आता ह्या पट्ट्या कुठं ठेवल्या, बाई?" मी जवळजवळ ओरडलेच, "तुम्ही मराठी?" तिने माझ्याकडे वळून पाहिलं आणि विचारलं, "लई दुखायलंय का?" नांदेडची मराठी, अंबरपेठेत वाढलेली. वडील रेल्वेच्या नोकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. तिच्या मराठीत ‘नक्को’ होतं, ‘कायकू’ होतं, आणि तेलुगू तर मिठासारखं सगळीकडेच होतं. मी पुण्याची असल्यामुळे साहजिकच तिला सुधारायला गेले. ती मला ‘पुणेकर’ म्हणायला लागली, आणि शेवटपर्यंत तेच म्हणत राहिली.

सगळ्यात जास्त भांडण आमचं ‘परवा’वरून व्हायचं. "परवा आम्ही नांदेडला गेलो होतो ना, तेव्हा गोदावरीला हे एवढं पाणी," असं ती रंगवून सांगायची. मी पोळी लाटता लाटता ऐकायची आणि मग कळायचं की त्या ‘परवा’ला तिचं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. "अगं, परवा म्हणजे कालच्या आधीचा दिवस! फार तर फार मागचा आठवडा!" मी म्हणायची. ती शांतपणे म्हणायची, "तुमच्या पुण्यात असेल. आमच्याकडे जे होऊन गेलं ते सगळं परवा." या शहराच्या ‘परसों’ची ही करामत. इथल्या बोलीत ‘परसों’ म्हणजे कालचं सोडून मागचं काहीही : मागचा महिना, मागची दिवाळी, आजोबांची सुन्नतसुद्धा. विशाखाने तो अर्थ उचलून सरळ मराठी ‘परवा’ला चिकटवून टाकला होता. मला हे भयंकर वाटायचं. याच शब्दावर एक दिवस एका खेळाडूचं आयुष्य टांगलेलं असेल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

फुटबॉलचं वेड तिला लहानपणापासूनचं. अंबरपेठेच्या मैदानात भावांबरोबर खेळून तिने नडग्या फोडून घेतल्या होत्या आणि त्या खुणा ती दागिन्यासारख्या दाखवायची. त्यामुळे शहरातल्या एका व्यावसायिक क्लबने तिला फिजिओ म्हणून बोलावलं तेव्हा हॉस्पिटलची पक्की नोकरी तिने बघता बघता सोडली. प्रेक्षकांच्या स्टँडखालची एक खोली तिला मिळाली. खेळाडू तिला ‘मालिशवाली खोली’ म्हणायचे, ती चिडून ‘उपचार कक्ष’ म्हणायची. मी एकदा पाहायला गेले होते. पोरं तिथे नुसती पाय दाखवायला येत नसत. कुणाला घरची आठवण, कुणाला झोप नाही, कुणी बाकावर बसून बसून कंटाळलेला... सगळ्यांची ती आपा. सलीम त्यातलाच, शहराच्या जुन्या भागातला, उजव्या बाजूने वाऱ्यासारखा धावणारा. त्याच्या गुडघ्यावर विशाखाने जितकी मेहनत घेतली तितकी माझ्या खांद्यावर घेतली असती तर मी आज गोलंदाजी केली असती.

मग क्लबचे व्यवस्थापक बदलले. नव्यांना गुणतक्त्यात वर जायची घाई होती आणि त्यांनी बरोबर एक ‘रिकव्हरी एक्स्पर्ट’ आणला. गोड बोलणारा माणूस. सलीमचा गुडघा सुजला होता, विशाखाने सांगितलं होतं की त्याला विश्रांती हवी. एक्स्पर्ट म्हणाला, विश्रांती कशाला, एक सुई पुरे. खेळाडूंमध्ये त्या सुईला ‘ताकत की सुई’ हे नावसुद्धा पडलं. विशाखाने विचारलं, सुईत काय आहे? उत्तर मिळालं, जीवनसत्त्वं. खोलीची किल्ली तिच्याकडे असायची. तिने दार उघडून दिलं. सलीमचं दुखणं जादू झाल्यासारखं गेलं, तो सामन्यामागून सामने धावला, आणि एका सामन्यानंतर तपासणीला त्याचा नमुना घेतला. त्यात बंदी असलेलं स्टेरॉइड सापडलं.

नमुना घेताना त्याला विचारलं होतं, हल्ली काही औषध घेतलंस का? त्याने खरं तेच सांगितलं : "परसों क्लब में सुई लगाए मेरेकू." दिल्लीहून आलेल्या अधिकाऱ्यांनी ‘परसों’चा अर्थ दिल्लीचा घेतला, दोन दिवसांपूर्वी. आणि दोन दिवसांपूर्वी होती संक्रांत. मैदान बंद, सगळे आपापल्या घरी पतंग उडवत होते. क्लबला आयतंच सापडलं. क्लबने जाहीर करून टाकलं की त्या दिवशी आमच्या दाराला कुलूप होतं, तेव्हा खेळाडू खोटं बोलतोय. बाहेर कुठेतरी स्वतःच सुई टोचून घेतली आणि आता आमच्यावर ढकलतोय. सुई खरं तर महिनाभर आधीची होती. पण सलीमच्या लेखी महिनाभर आधीचं म्हणजे ‘परसों’च! पूर्ण मुदतीची बंदी आली असती तर त्याच्या पायातले बूट कायमचे उतरले असते. त्याला दुसरं काहीही येत नव्हतं.

साक्षीला क्लबने बोलावलं विशाखालाच. तिने फक्त एवढंच सांगायचं होतं की संक्रांतीला खोली बंद होती आणि किल्ली तिच्याकडे होती. दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या. तेवढं बोलली की तिची नोकरी शाबूत, क्लब मोकळा, आणि तिने दार उघडून दिल्याचं कुणालाही कळणार नव्हतं. सुनावणी ऑनलाइन होती. तिच्या घरचं नेट धड चालत नसे म्हणून ती दुपारी आमच्याकडे आली आणि माझ्या जेवणाच्या टेबलापाशी लॅपटॉप मांडून बसली. मी कुकर बंद केला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. सुरू व्हायच्या आधी ती म्हणाली, "आमचे दादा म्हणायचे, खोटं बोलायचं नाही हे तर शीलातच आहे. अर्धं खरं बोलायचं नाही, हे मात्र आपलं आपल्याला सांभाळावं लागतं."  मला तिची नोकरी दिसत होती, तिच्या घराचं कर्ज दिसत होतं.

पडद्यावर अध्यक्षबाई होत्या, क्लबचा वकील होता, आणि एका चौकटीत इस्त्रीचा शर्ट घातलेला सलीम होता. वकिलाने विचारलं, खोली बंद होती? "हौ, बंद थी." किल्ली? "मेरे पास थी." वकील खूश होऊन कागद आवरायला लागला. विशाखा म्हणाली, "मॅडम, एक बात रह गई. सलीम का परसों, आपका परसों नई है." बाईंना काही कळेना. विशाखाने समजावून सांगितलं की आमच्या शहरात परसों म्हणजे मागे कधीही. वकील म्हणाला, ही आता काहीतरी सारवासारव चालली आहे. बाईंनी चष्म्यावरून पाहत साध्या आवाजात विचारलं, "सलीम, आप इस क्लब में कब आए?" सलीम घाबरलेला होता, त्याला चर्चा कशावर चालली आहे हेही धड समजलं नव्हतं. तो पटकन म्हणाला, "परसोंईच तो आया, मॅडम. वो लॉकडाउन खुला ना, तब."

मी दारात तोंडात पदर कोंबून हसले. अध्यक्षबाईसुद्धा हसल्या. तिथे थांबली असती तरी विशाखाने सलीमला निम्मं वाचवलंच होतं. पण ती थांबली नाही. तिने पाण्याचा एक घोट घेतला आणि म्हणाली, "सुई मेरे कमरे में लगी, महीने भर पहले. दरवाज़ा मैं खोली. क्या है पूछी, तो विटामिन बोले. मैं शीशी नई देखी. देखना मेरा काम था. बच्चे का कसूर नई, मॅडम. उसको तो हम लोगां बोले थे, लगा ले." तिचा आवाज कापत नव्हता.  आजवर माझ्या घरात पुष्कळ हुशार माणसं येऊन जेवून गेली असतील, पण त्या टेबलाला मान मिळाला तो त्या दुपारी. हे मी अभिमानाने सांगते.

मग चौकशी फिरली. एक्स्पर्ट आणि त्याला आणणारे सापडले, त्यांच्यावर कारवाई झाली. सलीमची शिक्षा पुष्कळ कमी झाली. विशाखालाही काही काळ कुठल्याही संघाबरोबर काम करायला बंदी आली, आणि क्लबने तिला लगेच काढून टाकलं. मी संतापले, अपील कर म्हणाले. ती म्हणाली, "शीशी मी बघितली नव्हती, पुणेकर. मग अपील कायकू?"

घरी बसली असेल असं वाटलं असेल तर विशाखा तुम्हाला समजलीच नाही. अंबरपेठेत किराणा दुकानाच्या वरची एक खोली घेऊन तिने दवाखाना काढला. पहिला पेशंट सलीम. बंदीच्या काळात तो रोज यायचा, गुडघ्याचे व्यायाम करायचा आणि शिव्या खायचा. मग त्याच्या ओळखीची पोरं यायला लागली, मग जिल्ह्याच्या संघांतल्या मुली. प्रत्येकाकडून ती आधी एक वाक्य पाठ करून घ्यायची : "सुई में क्या है, पहले बोलो." मोठ्याने म्हणायला लावायची, लाजणाऱ्यांना पुन्हा म्हणायला लावायची. "डॉक्टर असो, कोच असो, मालक असो. विचारायला लाज वाटली तर माझं तोंड आठवा," म्हणायची. कुठल्या कुठल्या गावांहून तिला बाटल्यांचे फोटो यायचे, आपा, हे घेऊ का? जेवता जेवता ती चष्मा लावून ते बारीक अक्षर वाचायची. सलीम पुन्हा मैदानात उतरला, दुसऱ्या क्लबकडून. त्या सामन्याला आम्ही दोघी गेलो होतो. त्याने गोल मारला नाही, मारला असता तर गोष्ट छान झाली असती. पण तो शेवटपर्यंत स्वतःच्या गुडघ्यावर धावला, आणि विशाखा शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होती, "वो गुडघा देखे? मेरा है वो."

शेवटची भेट हॉस्पिटलात झाली. पार वाळली होती. नर्स सलाइनमध्ये काहीतरी टोचायला आली तेव्हा मला वाटलं ही झोपली आहे. डोळे न उघडताच तिने विचारलं, "सूदिलो एमुंदम्मा?" सुईत काय आहे, बाई? नर्सने बिचारीने नाव सांगितलं, मात्रा सांगितली. विशाखाने मान हलवून परवानगी दिली. मग मला म्हणाली, "परवा तुझ्याकडे कुकर बंद केलास ना, त्यातला भात कच्चा राहिला होता." मी म्हटलं, "अगं, त्याला किती वर्षं झाली!" ती हसली...

मागच्या आठवड्यात मी दवाखान्यात गेले होते. किल्ली तिने सलीमकडे दिली आहे. सामने नसतात तेव्हा तो उघडतो, आणि तिच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी पेशंट बघते. उपचाराचं ते निळं टेबल तसंच आहे, डोक्याकडचं रेक्झिन तिच्या कोपराने झिजलेलं. मी तिथे असताना एक नवी मुलगी आली, बहुतेक गोलकीपर असावी, मनगटाला पट्टी बांधलेली. तिने आपांबद्दल ऐकलं होतं, भेटायला आली होती. सलीमने तिला खुर्ची दिली आणि सांगितलं की आपा आता नाहीत.  त्या मुलीने हळूच विचारलं, "कब गुजरे?"

"परसों," सलीम म्हणाला.

त्या मुलीची बोली निराळी होती. ती दचकली आणि खात्री करून घ्यायला माझ्याकडे पाहायला लागली. किती आठवडे झाले, तो आकडा माझ्या जिभेवर आला होता, मी पुण्याची आहे... पण मी त्या टेबलाकडे पाहिलं आणि म्हटलं, "हो बेटा, परवाच."