अजून थोडा वास आहे

जिजाजी आमच्या घरी आले की उंबरठ्यावर थांबत, डोळे मिटत आणि एक लांब श्वास घेत. चपला काढायच्या आधीच निकाल जाहीर होई. "आई, वरणाची पहिली फोडणी जळली ना आज? दुसरी दिली तुम्ही." आई लाजून हसायची, कारण ते खरं असायचं. मी काही बोललो की म्हणायचे, "माणूस खोटं बोलते, साळेसाहेब. वास नाही बोलत."

ते माझ्या बहिणीचे यजमान. नवं राज्य झालं तेव्हा भोपाळच्या कचेरीतल्या कर्मचाऱ्यांची वाटणी झाली आणि ते रायपूरच्या वाट्याला आले. शंकर नगरात घर घेतलं. दर रविवारी सकाळी जुन्या वस्तीत, बूढापाऱ्याला, आमच्याकडे येऊ लागले. तोवर अंगणात बाबांच्या शेजारची खुर्ची माझी होती. बाबा पेपर वाचत, मी पुस्तक. आम्ही फारसं बोलत नसू, पण खुर्ची माझी होती. पहिल्याच रविवारी जिजाजी तिच्यावर बसले आणि बाबा दोन तास बोलत राहिले. मी आत जाऊन वाचत बसलो. ते पान पुढे सरकलं नाही.

बाबांनी निवृत्तीनंतर एक जुनी मोटार घेतली होती. गल्ली अरुंद, त्यात मंत्र्यांचे ताफे सुरू झालेले. ती बाहेर काढायची त्यांना धास्ती वाटे. पण त्यांचं आयुष्य रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये गेलेलं. इंजिन थंड पडू द्यायचं नसतं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. म्हणून रोज आंघोळीनंतर बॉनेटवर जास्वंदाचं फूल ठेवायचं, गाडी सुरू करायची, स्तोत्र संपेपर्यंत जागेवरच घरघरू द्यायची आणि बंद करायची. गाडी कुठेच जात नसे.

काही महिन्यांनी सडक्या अंड्यांचा वास येऊ लागला. आमच्या घरात अंडं कधी आलेलं नाही, तेव्हा बाबांनी शेजारच्या दुलारी दीदीवर आळ घेतला. तिच्याकडे कोंबड्या होत्या. ती कमरेवर हात ठेवून फाटकाशी आली. "हव भैया! हमर कुकरी तुंहर गाड़ी म अंडा देथे का?" कोंबडी गाडीत अंडी घालते का, या सवालावर सगळी गल्ली हसली.

वास धुराचा होता हे मी ओळखलं. कॉलेजच्या ग्रंथालयात मी नोकरीला होतो; वाचून पाहिलं आणि बाबांना सांगितलं, "गाडी उभ्या उभ्या चालू ठेवू नका. धूर साफ करणारा भाग खाली असतो, तो नीट तापला नाही तर असा वास येतो. तिले लांब न्या."

बाबांनी पेपर खाली केला नाही. "जिंदगी इंजिनात गेली माही. तू मले शिकवून राहिला का?"

रविवारी जिजाजी पांढऱ्या शर्टात गाडीमागे उकिडवे बसले. हुंगलं. धुराच्या नळीत बोट फिरवलं, काळंभोर. मग बॉनेट उघडून हवेचा फिल्टर काढला. कारखान्यांची जी काळी धूळ आमच्या गच्च्यांवर आणि वाळत घातलेल्या धोतरांवर बसते, ती त्यात गच्च भरली होती.

"बाबा, श्वास कोंडला हिचा. हवा कमी, पेट्रोल जास्त. अन् वरून तुम्ही तिले घरकोंबडी करून ठेवलं. नवा फिल्टर टाकू आणि लांब नेऊ. चांगली तापली पाहिजे."

"असं होय!" बाबा म्हणाले आणि लहान मुलासारखे गाडीत जाऊन बसले.

"चला, साळेसाहेब," जिजाजींनी हाक मारली. मी हातातलं पुस्तक दाखवलं. स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हणालो, "मी हेच सांगितलं होतं." आई म्हणाली, "हव, पण ते गाडीत बसले ना."

नवी राजधानी बनत होती. इमारतींच्या आधी तिथे रुंद, रिकामे रस्ते झाले होते. त्या रस्त्यांवरून दोघं फिरून येत. बाबांचे केस उडालेले असत आणि तोंडी मी कधी न ऐकलेल्या गोष्टी असत. परतल्यावर जिजाजी न चुकता गाडीमागे बसून हुंगत आणि मान हलवत. "अजून थोडा वास आहे, बाबा. पुढच्या रविवारी परत न्या लागन." ते गेल्यावर मीही वाकून पाहायचो. मला तो वास येत नसे. वाटायचं, बाबा तर यांचे झालेच; देवानं नाकही यांनाच दिलं.

मागच्या हिवाळ्यात जिजाजी कचेरीतल्या खुर्चीतच गेले. तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी बाबांनी फूल ठेवलं, गाडी सुरू केली आणि जागेवरच घरघरू दिली. पुढेही रोज तेच. उन्हाळा लागेपर्यंत वास परत आला. या वेळी दुलारी दीदीनं आपल्या कोंबड्या आत घेतल्या.

मी गाडी शिकलो. फिल्टर बदलला. एका रविवारी दार उघडून एवढंच म्हणालो, "बसा." बाबा बसले.

वाटभर जिजाजीच होते. "जावईबापू इथं गिअर असा खडखड नव्हते करत." "जावईबापू इथं चहा घेत." दोघांच्या नेहमीच्या टपरीवर थांबलो. टपरीवाल्यानं विचारलं, "साहब नहीं आए?" बाबांनी चहाचा ग्लास तसाच बाकावर ठेवला. मेलेल्या माणसाचाही हेवा वाटू शकतो.

घरी आलो. बाबा उतरले, पण आत गेले नाहीत. गाडीमागे काठी टेकून माझ्याकडे पाहत उभे राहिले. मी उकिडवा बसलो, लांब श्वास घेतला. पेट्रोलच्या धुराचा, तापलेल्या लोखंडाचा, साधा वास. सडकं काहीच नव्हतं. वास गेल्याचं जिजाजींच्या नाकाला तर पहिल्याच फेरीनंतर कळलं असणार.

"काय म्हणते?" बाबांनी विचारलं.

"अजून थोडा वास आहे, बाबा."

"मले वाटलंच," ते म्हणाले. "मग पुढच्या रविवारी लवकर निघू."