वॉर्डाच्या नावाची पावती

जखमांच्या ड्रेसिंगचा कोर्स सिस्टरने स्वतःच्या पगारातून केला. परिचारिका संघटनेची वर्गणीही तिनेच भरली. या खर्चावर करात सूट मिळते असं कळल्यावर ती पावत्या घेऊन तडक कर कार्यालयात गेली.

कारकुनाने पावत्या उलटसुलट केल्या. "ताई, यावर 'सर्जिकल वॉर्ड' लिहिलंय. म्हणजे पैसे हॉस्पिटलचे."

सिस्टर चक्रावली. कात्रीपासून कापसापर्यंत सगळं वॉर्डाच्याच नावावर घ्यायची तिला सवय. पावती कुणाच्या नावाने करायची, असं विचारल्यावर तोंडून तेच निघालं होतं.

"अहो, मग कोर्सच्या परीक्षेला काय वॉर्डातल्या खाटा बसल्या होत्या?" ती म्हणाली.

"हॉस्पिटलने पैसे दिले नाहीत, असं त्यांच्याकडून लिहून आणा."

ती तणतणत मेट्रनकडे आली. मेट्रनही गोंधळली. "अगं, दिलेल्याचं लिहून देता येतं. न दिलेल्याचं कसं लिहू?"

"'हिनेच भरले' एवढंच लिहा ना, मॅडम."

मेट्रनने पेन उचललं आणि थबकली. "तुझं पूर्ण नाव काय गं? आम्ही आपलं सिस्टर, सिस्टरच करतो."

सिस्टर मटकन खुर्चीत बसली. पगाराच्या कागदांवर सासरचं नाव होतं, संघटनेत माहेरचं.

"थांबा," ती म्हणाली, "त्या कारकुनालाच विचारून येते, मी कोण ते!"