आपा हयात आहे

लेकीची परीक्षा झाली, मुलाखत झाली, संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत निवडही झाली. राहिली फक्त सुरक्षा चौकशी. परदेशातल्या नातेवाइकांच्या रकान्यात तिनं सरळ लिहून टाकलं: सख्खी आत्या, राहणार कराची. म्हणजे माझी थोरली बहीण. मी शाळेत जायच्या आधीच आपाचं लग्न तिकडच्या मामेभावाशी झालेलं. “लिहिलंच पाहिजे का गं?” मी म्हणालो. लेकीनं माझ्याकडं असं बघितलं, की मी गपगुमान गुलमंडीला, आमच्या कापडाच्या दुकानात निघून गेलो.

आमच्या घराला भिंत लागून दादांचं घर. दादा मूळचे देवगाव रंगारीचे. ईदला शीरखुर्मा प्यायला पहिले तेच येणार आणि कराचीचा फोन आला की पहिला त्यांच्याच हातात जाणार, ही आमची रीत. आपाच्या लग्नात मांडवाचे बांबू त्यांनीच रोवले होते. ती दरवर्षी त्यांना एकच विचारते, “भय्या, आम का अचार डाले क्या?”

चौकशीचे पोलीस आले तेव्हा मी दुकानात होतो. त्यांनी शेजारी विचारलं. दादांनी छातीठोकपणे सांगितलं, “तिकडं यांचं कोणी नाय साहेब. सगळं खानदान इथलंच.”

झालं! पोरगी लिहिते आहे, शेजारी म्हणतो नाही. साहेबांनी मला बोलावून घेतलं. “काय लपवताय?” तिथून निघालो तो थेट दादांच्या दारात. “अहो, काय करून बसलात हे! पोरीचं वाटोळं होईल ना!”

दादांनी मान खाली घातली. “मला वाटलं, पोरीचं भलं होईल.”

त्यांच्यावर चिडावं की त्यांना मिठी मारावी, मला कळेना. दुसऱ्या दिवशी ते आपणहून ठाण्यात गेले आणि खरं सांगून आले. “यांची बहीण आहे साहेब, हयात आहे, ईदला माझ्याशीबी बोलते.”

चौकशीचा निकाल यायच्या आधी ईद आली. या खेपेला कराचीचा फोन घ्यायचा नाही, असं मी बजावून ठेवलं होतं. फोन वाजायला लागला, वाजतच राहिला. शेवटी लेकीनंच उचलला. निवडीचं आपाला तिनं आधीच सांगितलं होतं, आणि आपा काही दूधखुळी नाही, फोन उचलायला उशीर का झाला ते तिनं ओळखलं. म्हणाली, “बेटी, मेरे वास्ते अटक्या तो लिख देव, फुफी मर गई.”

“नाय लिखती फुफी,” लेक म्हणाली. “तुम है ना.”

पुढं निवड रद्द झाल्याचं खात्यानं कळवलं. कारण दिलं नव्हतं. आपामुळं, की दादांच्या त्या एका वाक्यामुळं, ते आम्हाला कधीच कळणार नाही. लेक रडली नाही. मी लई रडलो. आता ती बिडकीनच्या एका कारखान्यात जाते, सकाळी बसनं.

यंदाच्या ईदला फोन आला. दादांशी लोणच्याचं बोलून झाल्यावर आपानं लेकीला मागितलं.

“नौकरी का क्या हुआ बेटी? वोईच सरकारी?”

लेकीनं एकदा दादांकडं बघितलं.

“लगी ना फुफी,” ती म्हणाली. “वोईच लगी.”

पलीकडं आपा मोठमोठ्यानं अल्लाचे शुक्र मानत राहिली. दादांनी शीरखुर्म्याची वाटी खाली ठेवली आणि तोंड भिंतीकडं वळवलं.